ॲडम्समध्ये गार्ड, कव्हर, मार्कर कमांडने कसे लपवायचे? (१४६ पार्टचं मॉडेल, शुक्रवारी मीटिंग)

घणसोलीची | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. महाप्याला एका छोट्या डिझाइन ऑफिसात काम करते. एका क्लायंटसाठी कार्टनरचं, म्हणजे खोक्याची घडी उघडून आत माल सरकवणाऱ्या मशिनचं, मोशन मॉडेल ॲडम्स व्ह्यूमध्ये (यंत्राची हालचाल नि बल तपासायचं सॉफ्टवेअर) केलंय. एकूण १४६ पार्ट, त्यातले ३८ नुसते गार्ड, कव्हर आणि पत्र्याचे डबे. चालणारी यंत्रणा त्यांच्या आत आहे, त्यामुळे ॲनिमेशन चालवलं तरी बाहेरून फक्त पेटी दिसते.

शुक्रवारी रबाळ्याला क्लायंटकडे दाखवायचंय. तीन अवस्था हव्यात: पूर्ण मशिन, गार्ड काढलेलं मशिन, आणि फक्त पुशर, त्याचा आर्म नि कॅम. आत्ता मी मॉडेलच्या झाडात जाऊन एकेक पार्टवर राइट क्लिक, अपिअरन्स, व्हिजिबिलिटी ऑफ असं करते. ३८ वेळा. आणि कॅडवाल्याने सुधारलेली फाइल दिली की ते सगळं पुन्हा पहिल्यापासून. गेल्या दोन आठवड्यांत चार फाइली आल्या.

दुसरा त्रास मार्करचा, म्हणजे पार्टवर जागा आणि दिशा दाखवणाऱ्या खुणांचा. आयकॉन आणि त्यांची नावं इतकी दाटलीत की पुशर कुठला नि पिन कुठली ते मलाच कळत नाही. हे सगळं कमांड लिहून करता येतं असं ऐकलंय. कुणी नीट सांगेल का?

वागळे_रोड_१६ | सोमवार, रात्री १०:४०

ताई, येतं, आणि अजिबात अवघड नाही. आधी एक सवय लावून घ्या, मग मॅन्युअल कमीच लागेल. एक गार्ड नेहमीसारखा क्लिक करून लपवा. मग ज्या फोल्डरमधून काम करताय तिथली एव्ह्यू.लॉग फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि तळाशी जा. तुम्ही माउसने जे केलंत त्याची कमांड ॲडम्सने तिथे लिहून ठेवलेली असते. मी ॲडम्सची कमांडभाषा अशीच शिकलो.

कमांड इथे देवनागरीत उच्चारानुसार देतो, तुम्ही रोमनमध्ये टाइप करा. जिथे अंडरस्कोर दाखवलाय तिथे तो हवाच.

एंटिटी ॲट्रिब्यूट्स एंटिटी_नेम = .कार्टनर.गार्ड_०१ व्हिजिबिलिटी = ऑफ

सुरुवातीचा टिंब विसरू नका. ॲडम्समध्ये प्रत्येक वस्तूचा पत्ता टिंबांनी बनतो: मॉडेल, मग पार्ट, मग त्या पार्टवरचा मार्कर किंवा जॉमेट्री (म्हणजे दिसणारा आकार). घराच्या पत्त्यासारखं, फक्त शहर आधी आणि खोली शेवटी. एंटिटी_नेममध्ये स्वल्पविराम देऊन अनेक नावं लिहिता येतात. ओळ लांब झाली तर शेवटी अँडचं चिन्ह टाकून खालच्या ओळीवर चालू ठेवा.

पण ३८ नावं लिहायची गरज नाही. गार्डांची नावं एकाच उपसर्गाने सुरू होत असतील तर:

फॉर व्हेरिएबल_नेम = .गा ऑब्जेक्ट_नेम्स = .कार्टनर.गार्ड* टाइप = पार्ट
एंटिटी ॲट्रिब्यूट्स एंटिटी_नेम = (इव्हॅल(.गा)) व्हिजिबिलिटी = ऑफ
एंड

हे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा, सीएमडी एक्स्टेन्शन द्या आणि फाइल इम्पोर्टमधून वाचून घ्या. नवी कॅड फाइल आली की पुन्हा तीच वाचायची.

तुमच्या पार्टची नावं कशी आहेत? खरी मेहनत तिथेच आहे.

कोपरखैरणे_डिप्लोमा | सोमवार, रात्री ११:०५

दादा, मी शेवटच्या वर्षाला आहे. फाइल न करता एकच ओळ करून बघायची असेल तर ती कुठे टाइप करायची?

वागळे_रोड_१६ | सोमवार, रात्री ११:०९

एफ-थ्री दाब, कमांड विंडो उघडेल. आणि कीबोर्डवरचं छोटं व्ही दाबलंस की मार्कर-जॉइंटचे सगळे आयकॉन एकदम जातात, पुन्हा दाबलं की परत येतात. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तेच आहे. स्क्रिप्टमध्ये हवं असेल तर: डिफॉल्ट ॲट्रिब्यूट्स आयकॉन_व्हिजिबिलिटी = ऑफ. कुठलंही मॉडेल सीएमडीमध्ये एक्स्पोर्ट करून बघ, वरच्या भागातच ही ओळ सापडेल.

घणसोलीची | मंगळवार, सकाळी ८:५०

दादा, खूप आभार! लॉग फाइल रोज डोळ्यांसमोर असायची, कधी उघडलीच नाही. नावांचं मात्र दुखणंच आहे. पॅरासॉलिडमधून (कॅडच्या फाइलचा एक प्रकार) आणल्यावर सगळं पार्ट_२, पार्ट_३ असं आलंय. आज बसून गार्डांना गार्ड_, यंत्रणेला यं_ आणि फ्रेमला फ्रेम_ असे उपसर्ग देते. पुढच्या फाइलपासून ही नावं कॅडमध्येच द्या असं डिझाइनरलाही सांगते.

रबाळे_शिफ्ट_बी | मंगळवार, दुपारी १:३०

मी तर हे वेगळ्या पद्धतीने करतो. त्याच एंटिटी ॲट्रिब्यूट्समध्ये ॲक्टिव्ह = ऑफ द्यायचं आणि डिपेंडंट्स_ॲक्टिव्ह = ऑफ. गार्ड स्क्रीनवरून जातो आणि सिम्युलेशनही हलकं होतं, कारण सॉल्व्हरला, म्हणजे गणित सोडवणाऱ्या भागाला, तेवढे पार्ट कमी. एका दगडात दोन पक्षी. ३८ पार्ट कमी झाले तर रन टाइममध्ये फरक पडेलच.

सांधा_आणि_दांडा | मंगळवार, रात्री ९:२०

रबाळेकर, कृपया हे करू नका. ताई, तुम्ही तर नकोच. ऐरोलीला बसून हा अनुभव मी घेतलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

व्हिजिबिलिटी ही फक्त तुमच्या डोळ्यांसाठी असते. सॉल्व्हरला तिचा पत्ताही नसतो. पार्ट लपवला तरी त्याचं वस्तुमान, जडत्व, त्याच्यावरचे जॉइंट, काँटॅक्ट सगळं जागच्या जागी राहतं आणि उत्तर दशांशालाही बदलत नाही. ॲक्टिव्ह = ऑफ म्हणजे तो पार्ट गणितातूनच बाद. दोन्हींनी स्क्रीनवर तेच दिसतं, आणि म्हणूनच फसायला होतं.

माझ्याकडे झुलत्या आर्मचं मॉडेल होतं. आर्मच्या टोकाजवळ पत्र्याचं कव्हर, फिक्स्ड जॉइंटने बसवलेलं. ॲनिमेशनमध्ये मधे येतं म्हणून मी ते त्याच्या जॉइंटसकट डीॲक्टिव्हेट केलं. मग मॉडेल व्हेरिफाय केलं: डिग्री ऑफ फ्रीडम (हालचालीच्या मोकळ्या दिशांची संख्या) पूर्वीइतकीच, एकही वॉर्निंग नाही. मी निश्चिंत झालो. नंतर कळलं की वॉर्निंग येणारच नव्हती. सुट्या पार्टच्या सहा डिग्री जातात, आणि फिक्स्ड जॉइंटने बांधलेल्या सहाही जातात. बेरीज शून्य. मॉडेल बिनतक्रार चालतं, फक्त ते आता दुसऱ्याच मशिनचं मॉडेल झालेलं असतं.

कव्हर ३ मिलिमीटर पत्र्याचं, ४०० बाय ३६०. ॲडम्समधल्या डिफॉल्ट स्टीलची घनता ७८०१ किलो प्रति घनमीटर, म्हणजे वजन जवळपास ३.४ किलो. पिव्हटपासून ३०० मिलिमीटरवर. सगळं वस्तुमान त्या एका बिंदूत धरलं तरी जडत्व सुमारे ०.३ किलो-मीटरवर्ग. आर्मचं कोनीय त्वरण जिथे सर्वांत जास्त, तिथे ते सेकंदवर्गाला ६० रेडियनच्या आसपास होतं. गुणाकार करा: १८ न्यूटन-मीटर. माझ्या मोटरच्या टॉर्कचा पीक ४७ वरून २९ वर आला आणि गिअरबॉक्सची निवड एक साइझ खाली सरकली. सहकाऱ्याने जुन्या आलेखावर नवा आलेख ठेवून पाहिला म्हणून ऑर्डर जायच्या आधी सापडलं. ते दोन आलेख एकमेकांवर ठेवलेले मला अजून दिसतात: आकार तंतोतंत तोच, फक्त उंची कमी. चूक झाली तर आलेख वेडावाकडा दिसेल अशी आपली समजूत असते. इथे तसं काहीच नव्हतं.

डीॲक्टिव्हेटला त्याची स्वतःची जागा आहे. समजा अर्ध्या चक्रात ग्रिपरने खोका सोडायचाय, तर सिम्युलेशन स्क्रिप्टमध्ये त्या क्षणी जॉइंट डीॲक्टिव्हेट करतात. तिथे आपल्याला भौतिकीच बदलायची असते. दाखवण्यासाठी मात्र कधीही नको.

आणि रन टाइमबद्दल: फ्रेमला पक्के बांधलेले गार्ड वेगळे पार्ट ठेवण्यापेक्षा त्यांची जॉमेट्री ग्राउंडवरच, म्हणजे मॉडेलच्या न हलणाऱ्या पायावरच, घ्या. सॉल्व्हरचं काम तिथेच वाचेल, आणि लपवणं जॉमेट्रीच्या नावाने करता येईल.

रबाळे_शिफ्ट_बी | मंगळवार, रात्री ११:४५

दादा, वाचून घाम फुटला. बाकीचे गार्ड स्थिर आहेत, पण माझ्या एका मॉडेलमध्ये चेनवर चालणाऱ्या कॅरेजचं झाकण असंच बंद केलेलं आहे. गेल्या महिन्यात त्याचा रिपोर्ट दिला. उद्या सकाळी पहिलं काम ते. झाकण चालू करून पुन्हा रन घेतो आणि इथेच लिहितो. सांगितलंत ते बरं केलंत.

नौपाड्याचे_काका | बुधवार, सकाळी ७:१५

मी ड्रॉइंग बोर्डवर हयात काढलेला माणूस, आता निवृत्त. ॲडम्स वापरलेलं नाही, पण मुलाबरोबर हा धागा वाचला आणि एक सांगावंसं वाटलं.

कागदावर आम्ही कुठलाही भाग कधी गायब करत नव्हतो. आड गेलेली कड तुटक रेषेने काढायची. शेजारचा भाग, जो आपल्या ड्रॉइंगचा विषय नाही पण जागा अडवतो, तो बारीक साखळी रेषेने, एक लांब दांडी आणि दोन ठिपके. भारतीय मानक ब्यूरोच्या एसपी ४६ मध्ये या रेषांचे प्रकार दिलेले आहेत, आम्ही ते पाठ केले होते. त्यामुळे ड्रॉइंग वाचणाऱ्याला नेहमी माहीत असायचं की इथे गार्ड आहे, हात घालताना सांभाळ. स्क्रीनवरून गार्ड पूर्ण पुसला की ही माहिती जाते. क्लायंटच्या मेंटेनन्सच्या लोकांना गार्ड नसलेलं मशिन दाखवलं तर त्यांना काय कळणार, तिथे स्पॅनर जाईल की नाही? तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या साखळी रेषेसारखं काही आहे का?

वागळे_रोड_१६ | बुधवार, सकाळी ९:३०

काका, नमस्कार. आहे, आणि मी सांगायला हवं होतं ते तुम्ही सांगितलंत. त्याच कमांडमध्ये व्हिजिबिलिटीऐवजी ट्रान्सपरन्सी देता येते, ० ते १००. शून्य म्हणजे भरीव, शंभर म्हणजे दिसेनासं. ७५-८० ला गार्ड काचेसारखा होतो: आतली यंत्रणाही दिसते आणि गार्ड कुठे आहे तेही. ताई, तुमच्या दुसऱ्या अवस्थेसाठी मी तरी हेच करेन:

एंटिटी ॲट्रिब्यूट्स एंटिटी_नेम = (इव्हॅल(.गा)) ट्रान्सपरन्सी = ७५

आकडा अर्थातच इंग्रजी अंकांत टाका.

घणसोलीची | बुधवार, रात्री १०:३०

काका, फार छान सांगितलंत, मनापासून आभार. दुसरी अवस्था पारदर्शकच करते.

नावं देऊन झाली, साडेतीन तास लागले. लूप चालतो. पण आता एक कोडं: गार्ड लपवल्यावर सगळं परत आणायला मी पूर्ण मॉडेलवर, म्हणजे .कार्टनरवर, व्हिजिबिलिटी = ऑन दिलं. काहीच परत आलं नाही! एकेका गार्डला ऑन दिलं की येतो. मॉडेलला सांगितलेलं पार्टला ऐकू जात नाही का?

वागळे_रोड_१६ | गुरुवार, सकाळी ७:४०

ताई, इथे बहुतेक सगळे एकदा तरी अडकतात. लोकलमध्ये उभ्याने टाइप करतोय, घणसोली येईपर्यंत जमेल तेवढं लिहितो.

ऑन आणि ऑफ या दोनच किमती आहेत असं आपण धरून चालतो. तिथे चार आहेत: ऑन, ऑफ, टॉगल आणि नो_ओपिनियन. सगळी गोम चौथीत आहे. नो_ओपिनियन म्हणजे ‘माझं स्वतःचं काही म्हणणं नाही, वरचा जे सांगेल ते’. म्हणणं नसलेली जॉमेट्री पार्टकडे बघते, पार्ट मॉडेलकडे बघतो.

आता सीएमडी फाइलच्या वरच्या भागातली ती डिफॉल्ट ॲट्रिब्यूट्सची ओळ पुन्हा बघा. तिथे इनहेरिटन्स = बॉटम_अप असं दिसेल. बॉटम_अप असताना खालच्याचं म्हणणं जिंकतं. तुम्ही गार्डला स्पष्ट ऑफ सांगितलंत, म्हणजे त्याला स्वतःचं म्हणणं दिलंत. मग मॉडेल कितीही ऑन म्हणालं तरी गार्ड आपल्या ऑफवर ठाम. टॉप_डाउन केलंत तर उलटं होतं, वरच्याचं चालतं. पण ते सगळ्या मॉडेलला लागू पडतं, रंगासारख्या बाकीच्या गुणांनाही, म्हणून मीटिंगच्या आदल्या दिवशी त्याला हात लावू नका.

तेव्हा परत आणताना ऑन देऊ नका, नो_ओपिनियन द्या. गार्ड पुन्हा मॉडेलचं ऐकायला लागतील आणि पुढच्या वेळी एका ओळीत काम होईल. ऑन देत राहिलात तर आज दिसतील, पण ‘म्हणणं असलेले’ पार्ट वाढत जातील आणि सहा महिन्यांनी कोण कुणाचं ऐकतंय ते कळायचं नाही. माझ्याकडे असं एक मॉडेल होतं. शेवटी लूप लावून सगळ्यांना नो_ओपिनियन करून टाकलं, तेव्हा कुठे ते वळणावर आलं.

टॉगल स्क्रिप्टमध्ये वापरूच नका. दोनदा चालवली की उलट अवस्था. स्क्रिप्ट कितीही वेळा चालवली तरी शेवट तोच यायला हवा.

मार्करचं राहिलं: आयकॉन सरसकट न घालवता फक्त मार्कर घालवून जॉइंट ठेवायचे असतील तर टाइप_फिल्टर = मार्कर जोडा. नावांसाठी नेम_व्हिजिबिलिटी वेगळी आहे. आयकॉन ठेवून नुसती नावं काढली तरी निम्मा गोंधळ जातो.

कोपरखैरणे_डिप्लोमा | गुरुवार, दुपारी ४:१०

सांधादादांनी लिहिलेलं मी कॉलेजच्या प्रोजेक्टवर करून पाहिलं. जिनिव्हा मेकॅनिझम (पिनने चाक थांबत थांबत फिरवणारी यंत्रणा) आहे, शेजारी एक स्टॉपर ब्लॉक आणि पिनशी त्याचा काँटॅक्ट. स्टॉपर लपवला. चाक फिरताना पिन हवेतच आपटून थांबली! दोन मिनिटं कळेना काय झालं, मग काँटॅक्ट फोर्सचा आलेख काढला तर नेमका त्याच वेळी काटा वर गेलेला. लपवलेली वस्तूही धक्का देते हे डोळ्यांनी पाहिलं. सरांना दाखवलं, ते म्हणाले की हेच व्हायव्हात सांग.

रबाळे_शिफ्ट_बी | गुरुवार, रात्री ८:५५

कळवायचं होतं. झाकण चालू करून रन घेतला. चेनचा ताण साधारण ६ टक्के वाढला. निवडलेल्या चेनच्या मर्यादेत आहे, पण रिपोर्टमधला आकडा चुकीचा होता. साहेबांना स्वतः जाऊन सांगितलं आणि सुधारित रिपोर्ट पाठवला. ते म्हणाले, आता सगळ्या जुन्या मॉडेलमध्ये डीॲक्टिव्हेट केलेलं काय काय आहे त्याची यादी काढ. उद्यापासून तेच काम.

सांधा_आणि_दांडा | गुरुवार, रात्री ९:३०

रबाळेकर, स्वतः जाऊन सांगितलंत, मला फार बरं वाटलं. यादीसाठी सोपी युक्ती: मॉडेल सीएमडीमध्ये एक्स्पोर्ट करा आणि टेक्स्ट एडिटरमध्ये ‘ॲक्टिव्ह’ शब्द शोधा. जिथे ऑफ दिसेल त्याचं नाव तिथेच असतं.

घणसोलीची | शनिवार, सकाळी ११:००

मीटिंग झाली. तीन सीएमडी फाइली केल्या होत्या: पूर्ण, काच, यंत्रणा. प्रत्येक फाइल आधी सगळ्यांची व्हिजिबिलिटी नो_ओपिनियन आणि ट्रान्सपरन्सी शून्य करते आणि मगच हवं ते लपवते किंवा पारदर्शक करते, त्यामुळे कुठल्याही क्रमाने चालवल्या तरी चालतं. वागळेदादा, तुमच्या ‘शेवट तोच यायला हवा’वरूनच सुचलं. प्रत्येक ओळीच्या वर उद्गारचिन्ह टाकून मराठीत कॉमेंटही लिहिलीय, रोमन अक्षरांत.

काका, हे खास तुमच्यासाठी. काचेची अवस्था चालू असताना त्यांचे मेंटेनन्सचे फोरमन खुर्ची पुढे ओढून बसले. दोनदा थांबवायला लावलं. मग पुशर पूर्ण पुढे आलेला असताना बोट ठेवून म्हणाले, इथे गार्ड आणि पुशरमध्ये किती जागा आहे? मी मोजलं: ९ मिलिमीटर. ते म्हणाले, खोका तिरका आला की या फटीत पुठ्ठा अडकणार, आणि तो काढायला गार्डचे सहा बोल्ट खोलावे लागणार. गार्ड पूर्ण लपवला असता तर ही फट कुणालाच दिसली नसती. आता तिथे गार्ड बाहेर घेतोय आणि बिजागरीचं झाकण देतोय.

एक शेवटचा प्रश्न. हे मॉडेल आता पुण्याच्या सहकाऱ्याला पाठवायचंय. लपवलेलं लपलेलंच जाईल का?

वागळे_रोड_१६ | शनिवार, दुपारी १२:२०

ताई, अभिनंदन! बिन (ॲडम्स व्ह्यूची स्वतःची सेव्ह फाइल) किंवा सीएमडी पाठवलीत तर दिसणं-लपणं जसंच्या तसं जाईल. एडीएम पाठवलीत तर नाही, ती सॉल्व्हरची फाइल आहे, तिच्यात व्हिजिबिलिटी नसते. पाठवण्याआधी ‘पूर्ण’वाली फाइल चालवून सेव्ह करा आणि तिन्ही सीएमडी सोबत जोडा. त्याला मॉडेल उघडल्याबरोबर सगळे १४६ पार्ट दिसले पाहिजेत.

नौपाड्याचे_काका | शनिवार, संध्याकाळी ६:०५

त्या फोरमनना माझा नमस्कार सांगा. आणि बिजागरी डावीकडे घेणार की उजवीकडे, ते त्यांनाच विचारून ठरवा. झाकण उघडल्यावर उभं राहायला जागा कुठे उरते ते त्यांना माहीत असेल.